वाऱ्याची वाट आणि डोळ्यांची रेषा

मोटारसायकल ताशी ८० किलोमीटर वेगाने धावू लागली म्हणजे समोरची हवा एक चौरस मीटर सपाट पृष्ठभागावर सुमारे ३० किलो वजनाइतका भार टाकते. वेग १०० वर गेला की तोच भार ४७ किलोच्या घरात जातो आणि १२० ला ६८ च्या, कारण हवेचा दाब वेगाच्या नव्हे, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असतो. स्वाराची छाती चौरस मीटरभर रुंद नसते आणि सपाटही नसते, हे खरे. तथापि या भाराचा जो काही हिस्सा तिच्या वाट्याला येतो तो तासन् तास सोसावा लागला म्हणजे मनगटे, खांदे आणि मान यांची अवस्था काय होते, हे पुण्याहून पहाटे निघून एका दमात हुबळी किंवा हैदराबाद गाठणाऱ्या कोणाही प्रवाशाला विचारावे. गाडीच्या तोंडाशी बसवलेली ती वक्र पारदर्शक काच हा भार हलका करण्यासाठी असते, आणि शोभेपलीकडे तिचे काही प्रयोजन आहे हे पुष्कळांना पहिल्या लांब प्रवासातच उमगते.

ही काच बदलावी असे वाटण्याचे प्रसंग बहुधा दोन. पहिला सरळ आहे: गाडी पडून काच तडकली, उन्हाने पिवळी पडली, किंवा वर्षानुवर्षे कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे तिच्यावर ओरखड्यांचे जाळे उठले. जुनी काच अंगाला मानवत असेल तर कंपनीचाच मूळ भाग मागवून बसवावा. तेथे अधिक चर्चेचे कारण नाही. दुसरा प्रसंग मात्र अवघड असतो. काच शाबूत आहे, पण हेल्मेट थरथरते, कान बधिर होतात आणि संध्याकाळी मुक्कामावर पोहोचून जेवायला बसले तरी डोक्यातले घोंगावणे थांबत नाही. असा स्वार दुकानात जातो, दुकानदार त्याला जवळ असलेली सर्वांत उंच काच दाखवतो, ती गाडीला शोभूनही दिसते, आणि पुढच्याच प्रवासात असे आढळते की छातीवरचा वारा गेला खरा, परंतु डोक्याचा त्रास पूर्वीपेक्षा वाढला. उंची वाढवूनही त्रास का वाढावा, याचा उलगडा झाल्याखेरीज काच निवडणे म्हणजे नाहक पैसा घालवणे होय.

काच हवा अडवते असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ती हवेला वळवते. समोरून आलेला प्रवाह काचेच्या पृष्ठभागावरून वर चढतो आणि कडेवरून सुटतो, आणि नदीतल्या खडकामागे पाणी जसे आत वळून भोवरे घालते तसेच काचेमागे हवेचे होते: तेथे दाब कमी पडतो, ती पोकळी भरून काढण्यासाठी वरून, बाजूंनी आणि खालून हवा आत ओढली जाते, आणि वरचा वेगवान प्रवाह व आतली संथ हवा यांच्या सीमेवर लहानमोठ्या भोवऱ्यांची एक रांग अखंड सुटत राहते. काचच नसलेल्या गाडीवर हेल्मेटला लागणारा वारा जोरदार असला तरी एकसारखा असतो. मान त्याच्याशी जुळवून घेते. परंतु हेल्मेट नेमके त्या सीमारेषेत सापडले तर त्याला सेकंदातून अनेक वेळा उलटसुलट धक्के बसतात, नजर हलते, आणि आवाज असा वाढतो की इंजिन ऐकू येईनासे होते. हमरस्त्याच्या वेगाला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो, आणि या पातळीचा आवाज रोज काही तास कानावर पडत राहिला तर श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. सबब काच कोणतीही असो, लांब प्रवासात कानांत फोमचे बोळे घालावेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यांनी वाऱ्याचा गोंगाट दबतो, हॉर्न मात्र ऐकू येतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक अशी की हेल्मेट त्या सीमेच्या पूर्ण वर, स्वच्छ वाऱ्यात असावे, किंवा पूर्ण खाली, शांत हवेत असावे. मधली स्थिती सर्वांत वाईट. दुसरी अशी की काचेमागची पोकळी खालून थोडी हवा मिळाली तर शमते, आणि म्हणूनच चांगल्या प्रवासी गाड्यांच्या काचेच्या बुडाशी फट किंवा झरोका मुद्दाम ठेवलेला असतो. काच बुडाशी दिव्याच्या चौकटीला घट्ट चिकटलेली असेल आणि पाठीमागून ढकलल्यासारखे वाटत असेल, तर नवी काच घेण्यापूर्वी बोटभर फट ठेवून पाहण्याची तजवीज करावी. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते.

आपले हेल्मेट कोणत्या स्थितीत आहे हे ठरवण्याची रीत सोपी आहे, आणि ती दुकानात नव्हे, रस्त्यावर करावयाची आहे. मोकळा, सरळ, निर्मनुष्य रस्ता पाहून नेहमीच्या प्रवासी वेगाला पायदानांवर किंचित उठावे, इतके की डोके चार-सहा बोटे वर जाईल. त्यानंतर तितकेच खाली वाकावे. वर गेल्यावर थरथर थांबून वारा एकसारखा झाला तर आपल्याला सध्याच्याहून आखूड काच हवी. खाली गेल्यावर शांतता झाली तर उंच हवी. दोन्हीकडे फरक पडत नसेल तर दोष उंचीचा नसून रुंदीचा, कोनाचा किंवा हेल्मेटचा समजावा. हेल्मेटचा हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातून निसटतो. साहसी प्रवासासाठी म्हणून जे पुढे छपरी असलेले हेल्मेट वापरतात, त्याची छपरी वर चढणाऱ्या हवेला स्वतःच धरते आणि डोके मागे खेचते. असा स्वार काचेवर काचा बदलत राहतो, वास्तविक एका संध्याकाळी ती छपरी काढून फेरी मारली असती तर निकाल लागला असता.

उंचीची दिशा कळली म्हणजे माप. येथे एका जोडीदाराची गरज आहे. गाडी समतल जमिनीवर दोन्ही चाकांवर सरळ उभी करावी, मागे प्रवासाला असते तेवढे सामान बांधावे, आणि स्वाराने जाकीट, बूट, हेल्मेट असा सगळा सरंजाम अंगावर चढवून बसावे. छायाचित्राला बसल्यासारखे ताठ नव्हे, तर तिसऱ्या तासाला पाठ जशी किंचित वाकते आणि मान खांद्यांत उतरते तसे. जोडीदाराने एका हाताने गाडी सावरून दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याची पट्टी काचेला टेकवावी आणि हळूहळू वर सरकवत न्यावी. स्वाराने नजर रस्त्यावर ठेवावी, आणि पुढच्या चाकापासून सुमारे पंधरा मीटरवरचा रस्ता पट्टीच्या कडेला टेकला की ‘थांब’ म्हणावे. नव्या काचेची वरची कड येथवर असावी, याच्या वर नव्हे. हा हिशेब भूमितीचा आहे: डोळे जमिनीपासून दीड मीटर उंच आणि काच डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर असेल, तर पंधरा मीटरवरचा रस्ता दिसण्यासाठी काचेची कड डोळ्यांच्या पातळीच्या पाच सेंटिमीटर खाली, म्हणजे साधारण नाकाच्या शेंड्याच्या पातळीला येते. अनुभवी स्वार ‘नाकापर्यंत काच’ असे जे सांगतात त्याचा आधार हाच.

काच नाकापर्यंतच आहे, मग डोके शांत हवेत कसे येणार, अशी शंका येथे कोणी घेईल. हवा कडेवरून सुटताना सरळ मागे जात नाही. वर चढण्याचा तिचा वेग तिला आणखी काही बोटे उचलतो, आणि काचेची कड पुढच्या बाजूस किंचित वळवलेली असेल तर ही उचल आणखी वाढते. म्हणून नजर कडेवरून जाते आणि वारा नजरेच्याही वरून जातो. काचेची निवड साधली असे मी म्हणतो ते या दोन वाटा एकमेकींना न छेदता निघाल्या तरच.

काचेतून नव्हे, काचेवरून पाहावे, या नियमाविषयी मला तडजोड मान्य नाही. चारचाकीच्या काचेला वायपर असतो, मोटारसायकलीच्या काचेला नसतो. श्रावणातल्या रात्री आंबा घाट उतरताना पाऊस, समोरून चढणारा मालट्रक आणि त्याचे दोन प्रखर दिवे अशी गाठ पडली म्हणजे काचेवरचा प्रत्येक थेंब स्वतंत्र दिवा होऊन पेटतो, ओरखड्यांची वर्तुळे उजळतात, आणि वळणाच्या कडेचा पांढरा पट्टा नाहीसा होतो. हेल्मेटची काच वर करता येते, अंगठ्याने पुसता येते. पुढची काच नजरेच्या आड आली तर त्या क्षणी स्वाराच्या हाती काहीच उरत नाही. हाच आक्षेप काळसर छटेच्या काचांना लागू आहे. चारचाकीच्या पुढच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा मोटार वाहन नियम आहे; त्यामागचा विचार दुचाकीवाल्यानेही ध्यानी घ्यावा. कड नजरेच्या पुष्कळ खाली असलेल्या आखूड काचेला धुरकट रंग दिला तर तो केवळ हौसेचा प्रश्न राहतो, पण उंच काच नितळच घ्यावी.

आता द्रव्याविषयी. या काचेत खरी काच वापरीत नाहीत. ती फुटली तर तिचे तुकडे स्वाराच्या गळ्याशी येतील. प्रचारात दोन प्लास्टिके आहेत. ॲक्रिलिक हे जुने, १९३०च्या दशकात बाजारात आलेले. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानांची छत्रे त्याचीच होती. ते नितळ असते, उन्हात सहसा पिवळे पडत नाही आणि बारीक ओरखडे घासून चकचकीत करता येतात. परंतु ते ठिसूळ आहे, आणि ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा किंवा गाडी नुसती आडवी होणे एवढेही त्याला तडकवण्यास पुरते. दुसरे पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीतील बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्याचा चिवटपणा विलक्षण आहे. पण पृष्ठभाग मऊ असल्याने त्यावर ओरखडे सहज उठतात आणि उन्हाने ते पिवळे पडते, म्हणून त्यावर कठीण लेप असणे अगत्याचे. दुकानात विचारावयाचा खरा प्रश्न हा: पॉलिकार्बोनेट असेल तर दोन्ही बाजूंनी लेप दिला आहे काय? याचे उत्तर दुकानदाराला देता येत नसेल तर चांगले ॲक्रिलिक पत्करावे. खराब रस्त्यांवर, ट्रकांच्या मागून वारंवार जाणाऱ्याने मात्र लेपयुक्त पॉलिकार्बोनेटच घ्यावे, असे माझे मत आहे. जाडी तीन मिलिमीटरहून कमी असेल तर उंच काच वेगाला फडफडते; हाताने वरची कड मागेपुढे हलवून पाहिली तरी तिचा कमकुवतपणा कळतो.

काच कशाला बसते हाही विचार करण्याजोगा भाग आहे. काही काचा हँडलला, तर काही गाडीच्या सांगाड्याला किंवा पुढच्या आवरणाला जखडलेल्या असतात. हँडलवरची काच वारा पकडते तेव्हा तो वारा थेट सुकाणूत उतरतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, जेथे पवनचक्क्या उभ्या आहेत, आडवा वारा सुटला म्हणजे हँडलवरची रुंद काच गाडीला रस्त्याच्या कडेकडे लोटू पाहते. ट्रकला मागे टाकून त्याच्या आडोशातून बाहेर पडतानाही हाच झटका बसतो. हँडललाच काच बसवणे भाग असेल तर रुंदीचा मोह आवरावा. सांगाड्यावरची काच या दोषापासून मुक्त असते, परंतु तेथे दुसरी खातरजमा करावी लागते: हँडल डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत वळवून ब्रेकची व क्लचची दांडी, आरसे आणि केबली काचेला घासत नाहीत ना, ते पाहावे. केबल ताणली जात असेल तर हँडल वळवताच इंजिनाची गती आपोआप वाढते, आणि ही गोष्ट गॅरेजच्या दारात कळलेली बरी, भर गर्दीत यू-टर्न घेताना नव्हे.

प्रवासी गाडीला असे संरक्षण कारखान्यातूनच मिळावे ही कल्पना फार जुनी नाही. होंडाची गोल्ड विंग १९७५ साली आली ती काचेवाचून. अमेरिकेतील क्रेग व्हेटर यांनी बनवलेले ‘विंडजॅमर’ नावाचे आवरण त्या दशकात हजारो स्वारांनी आपापल्या गाड्यांना स्वखर्चाने बसवून घेतले. बी.एम.डब्ल्यू.ने १९७६ मध्ये ‘आर १०० आर.एस.’ ही गाडी वातबोगद्यात घडवलेल्या पूर्ण आवरणासह आणली. गोल्ड विंगला कंपनीचे आवरण मिळाले ते १९८० मध्ये, आणि २०१८च्या गोल्ड विंगवर तर बटणाने खालीवर होणारी काच आली. आपल्याकडे हा प्रवास अलीकडचा. पुण्याच्या बजाज कंपनीने आपल्या डोमिनार ४०० ला उंच काच, हातांची आवरणे आणि सामानाची चौकट कारखान्यातूनच देण्यास २०२१ मध्ये सुरुवात केली. त्याच्या आधी के.टी.एम.च्या ३९० ॲडव्हेंचरवर स्क्रू काढून दोन उंचींवर बसवता येईल अशी काच आली होती. अशी सोय आपल्या गाडीला असेल तर ती वापरून पाहिल्याशिवाय नवीन काच विकत घेऊ नये, हे सांगण्याची गरज वाटते, कारण कित्येक मालकांनी तो दुसरा स्क्रू कधी फिरवलेलाच नसतो.

परदेशी काचांविषयी वाचताना आपले रस्ते डोळ्यांसमोर ठेवावेत. जर्मनीच्या ऑटोबानवर शिफारशीचा वेग ताशी १३० किलोमीटर आहे. आपल्याकडे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलीला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ८० ची, आणि पुणे–मुंबई द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग हे दोन्ही दुचाकीला बंद. म्हणजे आपला स्वार जुन्या हमरस्त्याने, गावागावांतून, सत्तर-ऐंशीच्या वेगाने जाणार. एवढ्या वेगाला शिडासारखी अवाढव्य काच लागत नाही; उलट वैशाखात नागपूर–अमरावती रस्त्यावर तीच काच अंगाला लागणारा एकमेव वारा हिरावून घेते आणि इंजिनाची धग पोटावर साचू देते. लडाखला जाणाऱ्याची गोष्ट निराळी. तेथे छातीवरचा गार वारा अडला की अंगातली ऊब टिकते आणि बोटे ब्रेकवर वेळेवर आवळतात. ज्याला दोन्ही प्रकारचे प्रवास करावयाचे आहेत त्याने मध्यम उंचीची काच घ्यावी आणि तिच्या वरच्या कडेला चिमट्याने बसणारी वेगळी पट्टी ठेवावी. ती पट्टी थोडी पुढे, कडेपासून अंतर राखून बसली तर मधल्या फटीतून हवा जाते आणि काचेमागची पोकळी बरीच शमते.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचा विचार निवडीच्या वेळी क्वचितच होतो. पुढच्या स्वाराच्या डोक्यावरून सुटलेली हवा नेमकी तिच्या हेल्मेटवर उतरते, कारण तिची बैठक उंच असते. जोडीने प्रवास करणाऱ्यांनी चाचणीची फेरी जोडीनेच मारावी, आणि मागच्या व्यक्तीचे म्हणणे शेवटचे मानावे. तिला समोरचा रस्ता दिसत नाही, तिच्या वाट्याला येतो तो फक्त वारा.

बसवण्याच्या कामात घाई नको. मिस्त्री चांगला असला तरी स्क्रू पूर्ण आवळण्याची त्याची सवय या प्लास्टिकला सोसत नाही. काचेच्या भोकात रबरी नट असतो. स्क्रू आवळला की तो फुगून भोक धरतो आणि थरथर शोषतो. त्याच्या व स्क्रूच्या मध्ये नायलॉनचा वायसर हवा. सगळे स्क्रू आधी बोटांनी अर्धे बसवावेत, काच आपोआप आपल्या जागी स्थिरावू द्यावी, मग एकाआड एक थोडे थोडे फिरवावेत आणि रबर फुगू लागताच थांबावे. अधिक आवळलेल्या भोकाभोवती प्रथम केसासारखी एक रेघ दिसते, ऊन-पावसात ती महिनाभरात बोटभर लांबते आणि एखाद्या खड्ड्यात काच तेथूनच दुभंगते. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावतात ते निळे-लाल द्रव पॉलिकार्बोनेटला ठिसूळ करते. तेथे ते लावू देऊ नये. तसेच पेट्रोलचा बोळाही. गॅरेजमध्ये काम संपले की गाडीवरचे डाग पेट्रोलच्या बोळ्याने पुसण्याचा जो शिरस्ता आहे, त्यापासून ही काच आपण स्वतः उभे राहून वाचवावी. घरातल्या काचा पुसण्याची अमोनियायुक्त द्रावणेही तिला वर्ज्य आहेत. वाळलेले किडे खरवडू नयेत; ओले फडके दहा मिनिटे काचेवर पसरून ठेवावे, मग सौम्य साबणाच्या भरपूर पाण्याने ते आपोआप सुटतात.

नवी काच बसल्यावर पहिली फेरी पन्नास-साठ किलोमीटरची, ओळखीच्या रस्त्यावर करावी आणि परत येऊन प्रत्येक स्क्रू बोटाने तपासावा. थोडी थरथर उरली असेल तर लगेच निराश होऊ नये: वरच्या किंवा खालच्या स्क्रूंमागे एक-दोन जाड वायसर घालून काचेचा कोन बदलता येतो, आणि दोन-तीन अंशांचा फरकही हेल्मेटपाशी जाणवतो. काच उंच वाटली तर ती कापताही येते. कापावयाच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी, बारीक दातांच्या पात्याने सावकाश कापावी आणि कड पॉलिश-कागदाने गोल करून घ्यावी. मात्र एका वेळी बोटभरच, आणि मध्ये फेरी मारून. जुनी काच शाबूत असेल तर ती टाकू नये. मऊ फडक्यात गुंडाळून, सावलीत, तिच्यावर काही न रचता उभी ठेवावी, आणि तिचे स्क्रू व रबरी नट एका पुडीत घालून तिलाच बांधावेत. चैत्र-वैशाखात तीच पुन्हा चढवावी लागेल.